निर्मळचे दोन थेंब

ऋषीजी मोहुर्ले आचारी होते आणि त्यांना गर्व होता तो आपल्या नाकाचा. दिसायला ते नाक काही खास नव्हतं. बसकं, आणि लहानपणी गोऱ्ह्याने लाथ मारल्यामुळे डावीकडे कललेलं. पण ब्रह्मपुरीच्या आसपास कुठेही लग्नाची कढई चढली की ऋषीजी तिच्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ह्या तेलात आंधी मासोऱ्या तळल्या हायेत. फेका." तेल आणणारा आईची शपथ घ्यायचा, देवाची घ्यायचा आणि शेवटी मुकाट्याने नवा डबा फोडायचा. ऋषीजींच्या हातचं खाऊन कोणाच्या पोटात दुखलं, असं साऱ्या तालुक्यात कोणी म्हटलं नसतं.

अशा माणसाच्या गावात शिलाज्योत एनर्जी कंपनीने बोअर मारावी, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा.

गावाचं नाव वडटोला. तिथल्या धानाच्या बांध्यांखाली, कोळशाच्या थरांच्याही पुष्कळ खाली, काळपट खडकाचा एक जाड थर आहे. पाटीच्या दगडासारखा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे दलदल होती. त्या चिखलात कुजलेल्या झाडपाल्याचा वायू पापुद्र्यांमध्ये अडकून बसला आहे. तो आपणहून वर येत नाही. त्यासाठी दोन किलोमीटर खोल भोक पाडायचं, तळाशी नळी आडवी वळवायची आणि पाणी, रेती, रसायनं इतक्या दाबाने आत रेटायची की खडकाला बारीक भेगा पडाव्यात. रेती त्या भेगा मिटू देत नाही आणि वायू वर येतो. हाच शेल गॅस.

त्याला स्वतःला वास नसतो. पण कंपनीने खाली रेटलेल्या पाण्यातून वरचे जिवाणूही खाली गेले. प्राणवायू नसलेल्या अंधारात पाण्यातल्या सल्फेटवर मजेत जगणारे हे जीव. ते सल्फेट खातात आणि हायड्रोजन सल्फाइड टाकतात. साध्या मराठीत, सडक्या अंड्याचा वायू. वायू धुऊन स्वच्छ करणारी यंत्रं असतात, पण ती उभी करायची तर आधी साठा सिद्ध व्हायला हवा, आणि शिलाज्योतचं काम अजून 'शोधाच्या टप्प्यात' होतं. शोधाचा हा टप्पा काही संपत नव्हता. तोवर वर येणारा वायू एका उंच नळीच्या तोंडाशी पेटवून द्यायचा. लोक तिला मशाल म्हणत. वारा सुटला की मशाल विझायची आणि गावावर नुसती घाण पसरायची.

परवान्यात सरकारने एक अट घातली होती. दर तीन महिन्यांनी ग्रामसभेला मशालीजवळ उभं करायचं आणि विचारायचं, वास येतो का? दहांतल्या एकाने जरी हात वर केला, तरी स्वच्छ करणारी यंत्रं बसेपर्यंत बोअर बंद. पहिल्या वेळी साऱ्या गावाने हात वर केला. बाया एका हाताने पदर नाकाला लावून दुसरा हात उंचावत होत्या. बोअर बंद झाली. गाव खूश झालं, आणि कंपनीने डोकं चालवलं. वायूला धुण्यापेक्षा नाकाला धुणं स्वस्त होतं.

नाकाच्या छतात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर जणू चारेकशे तऱ्हांची कुलपं असतात. एकेका वासाची किल्ली आपापल्या कुलपात बसते आणि मेंदूला निरोप जातो. गंधकाचा वास घेणारी कुलपं त्यांत मोजकीच. 'निर्मळ' नावाच्या थेंबांत आरएनएचे बारीक तुकडे होते, आणि ते नेमकी तीच कुलपं घडवणाऱ्या जनुकांना गप्प करत. कंपनीने गावात फुकट शिबिर भरवलं: दोन थेंब एका नाकपुडीत, दोन दुसरीत. नाकातल्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा शिबिर, पुन्हा थेंब. फुलांचा वास यायचा, अत्तराचा यायचा, मातीचा यायचा. सडक्या अंड्याचा तेवढा यायचा नाही. आणि त्याच कुलपांनी उघडणारे लसणाचे, कांद्याचे, हिंगाचे, सडक्या-कुजक्या अन्नमांसाचे वासही यायचे नाहीत. हे मात्र शिबिरात कोणी सांगितलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला फेरचाचणी म्हणून बोअर पुन्हा उघडली. मशाल विझलेली होती, हवेत दुर्गंधी इतकी होती की ऋषीजींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि वर गेलेला हात एकट्या त्यांचाच होता. बोअर चालू राहिली.

"आचारीबुवाचं नाक लय मोठं हाय बाप्पा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

शिलाज्योतचा ग्रामसौहार्द अधिकारी अनीश करमरकर पुण्याचा होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. तो जवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्ही एकटेच का हा त्रास सोसता? दोन थेंबांचा तर प्रश्न आहे."

"माह्या नाकावर माह्यं पोट हाय साहेब. आन् वास गेला म्हनजे का इष गेलं?"

"विषारी पातळी नाहीच आहे. सगळं मर्यादेत आहे."

"कोनाच्या मर्यादेत?" ऋषीजींनी विचारलं. करमरकर हसला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ऋषीजींना एखाद्या ओल्या पोतेऱ्यासारखा वाटला.

त्या दिवसापासून ऋषीजींना गावाचीच किळस यायला लागली. शेजारी आंबलेलं वरण भुरके मारत प्यायचे. दुकानात अंडी फुटून सडलेली, तिथेच उभा राहून दुकानदार चहात पाव बुडवायचा. ज्याच्या त्याच्या भाजीत तिखटमीठ दुप्पट झालं होतं, कारण फोडणीची चवच कोणाला लागत नव्हती. आणि सगळे कसे सुखात! घाणीत लोळणारं डुक्कर निदान आपण घाणीत आहोत हे लपवत तरी नाही. हे लोक मात्र बैठकीत एकमेकांना सांगायचे, "आता आपल्या गावची हवा किती चांगली झाली!"

अशातच समीक्षा बाळंतपणासाठी माहेरी आली.

समीक्षा ही ऋषीजींची एकुलती एक मुलगी. सासर ब्रह्मपुरीपलीकडच्या निकुऱ्यांचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज कोणी मोडत नाही. सात महिने भरल्यावर तिला आणलं, आणि गाडीतून उतरताच ती अंगणात भडभडून ओकली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी ऋषीजी एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेले असताना त्यांच्या बायकोने, छायाने, तिला शिबिरात नेऊन थेंब घालून आणले. ऋषीजी परतले तेव्हा लेक मांडी घालून पोटभर जेवत होती.

"बाबा, काहीच वास नाही येत आता! तुमी उगीच घेत नाही," ती म्हणाली.

पोरगी जेवतेय हे पाहून ऋषीजींना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचाच राग आला. ती निजायची त्या खोलीत ते गेले आणि दारातच थबकले. त्यांनी लोखंडी पेटी पुढे ओढली. मागे उंदीर मरून पडला होता, फुगलेला, अळ्या पडलेला. पलंगापासून हातभर अंतरावर. ऋषीजींनी तो चिमट्याने उचलला तेव्हा त्याची कातडी चिमट्याला चिकटून राहिली. माय-लेकी दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"अगं माय, कधीचा होता हो?" छायाने विचारलं, आणि समीक्षाला हसू फुटलं. ऋषीजी मोरीवर जाऊन ओकले.

मुलगी झाली. गोरीपान, जावळ दाट. कंपनीच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आईचे थेंब आईच्या नाकातच राहतात, पोटातल्या बाळापर्यंत जात नाहीत. तेवढी गोष्ट खरी निघाली. म्हणजे आता वडटोल्यात नाक शाबूत असलेली माणसं दोन झाली. एक आजोबा आणि एक नात.

नात रडायला लागली. बोअरच्या बाजूने वारा आला की ती आधी डोळे घट्ट मिटायची, इवलंसं नाक आक्रसायची, आणि मग असा टाहो फोडायची की शेजारचे धावून येत. पाजलेलं दूध ओकून टाकायची. वारा फिरला की गप्प. छायाने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. समीक्षाने ओवा चावला, बाळाच्या पोटाला हिंग लावला. पोरगी रडतच राहिली, आणि ती का रडते हे त्या घरात एकालाच कळत होतं.

"हिले वास येते," ऋषीजी म्हणाले. "हिले इथून न्या."

"पुन्हा तुमचं सुरू झालं का जी?" छाया करवादली.

मग एक दिवस करमरकर बाळाला बघायला आला. त्याच्याबरोबर एक चकचकीत डबी होती. तान्ह्या बाळांसाठी 'बाल निर्मळ'. त्याने समीक्षाला छान समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाच्या नाकातल्या मूळ पेशी अजून घडत असतात, त्यामुळे औषध त्या पेशींतच कायमचं मुरतं. मोठ्यांसारखं पुन्हा पुन्हा द्यावं लागत नाही.

"एकदाच. मग जन्मभर हिला दुर्गंधीचा त्रास म्हणून नाही. बारशाच्या दिवशी आमच्यातर्फे भेट. चालेल ना ताई?"

रात्र रात्र जागून डोळे खोल गेलेल्या समीक्षाने लगेच होकार दिला.

ऋषीजींनी तिला परोपरीने समजावलं. पुढे ही पोर सासरी जाईल. तिच्या घरात गॅस गळेल, तो गळतोय हे कळावं म्हणून त्यात मुद्दाम घातलेला वास हिला येणार नाही. आपल्या लेकराच्या ताटात सडकं अन्न वाढील आणि हिला कळणार नाही. समीक्षा ऐकत होती, पण तिच्या मांडीवर पोर किंचाळत होती.

"बाबा, तुमची एका रातीचीही झोप मोडली नाही. मले विचारा," ती म्हणाली.

शेवटी त्यांनी व्याह्यांना फोन लावला. "इवाई, पोरीले आन् नातीले घेऊन जा जी. आत्ताच."

पलीकडे समीक्षाचे सासरे, दादाजी निकुरे होते. ते म्हणाले, "काहून जी ऋषीजी? लेक जड झाली का?"

ऋषीजींनी फोन ठेवून दिला. वासाचं सांगावं, तर लेक आणि बायकोच म्हणणार, कसला वास? ओल्या बाळंतिणीला बारशाआधी माहेरून परत धाडलं, तर ज्याला पोटची पोर पोसवली नाही तोच बाप असं करतो, असं लोक धरून चालतात. छाया तर म्हणाली की असं केलंत तर मी विहिरीत उडी घेईन. बारशानंतरही पुरे तीन महिने लेक माहेरीच राहायची होती. आणि थेंब बारशालाच पडायचे होते.

बारशाच्या दिवशी ऋषीजींनी स्वतः चुलीला हात लावला. नातीचं बारसं दुसऱ्या कोणा आचाऱ्याने करायचं म्हणजे नाक कापून घेणंच. वांग्याची भाजी, वरण-भात, पुरी, बुंदी, घुगऱ्या. आणि कढी. त्या सकाळचंच ताक, ठेचलेलं आलं-लसूण, हिंगाची फोडणी. कढीला उकळी आली तसे ते तिच्यावर वाकले. बोअरच्या घाणीतूनही तो खमंग वास त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात इतकी छान कढी त्यांना कधी साधली नव्हती.

पाहुण्यांची जीप आली. दादाजी निकुरे, विहीण वनिताबाई, जावई हर्षल आणि भावकीतली दहाबारा माणसं. त्यांनी थेंब घेतलेले नव्हते. वनिताबाई खाली उतरल्या आणि पहिल्याच श्वासाला त्यांनी पदराने नाक दाबलं. मागून उतरलेल्या बायांनीही तेच केलं.

छायाने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आमचं घर का घान हाय?" ती शेजारणीच्या कानात फणफणली. "सडा-सारवन करू करू मी मेली, आन् ह्या नाक दाबून येतेत!" वडटोल्याच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलाकडची मंडळी तोऱ्यात आहेत, असा निकाल जागच्या जागी लागला. त्यांना वास येत असेल, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. येणार कुठून? वास असतो हेच गाव विसरलं होतं.

पाहुणेही भले. मुलीकडच्या घरी वासाबद्दल बोलणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ओठ मिटले. पाळणा झाला. बाळाचं नाव ईरा ठेवलं. ईराने सगळ्या पाळण्याभर आकांत केला. कोपऱ्यात करमरकर डबी घेऊन उभा होता आणि त्याच्याबरोबर फोटो काढणारा माणूस होता. जेवणं झाली की थेंब, असं ठरलेलं.

पंगत बसली. मानाच्या पाटावर दादाजी आणि वनिताबाई. ऋषीजींनी स्वतःच्या हाताने कढी वाढली. तेवढ्यात वारा पडला आणि मशालीकडची घाण जड होऊन मांडवात, ताटावाट्यांवर उतरली. वनिताबाईंनी वाटी तोंडाजवळ नेली आणि ओकारी आल्यासारखी परत ठेवली. त्यांनी नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. दादाजींनी वाटीवर वाकून पाहिलं, हात मागे घेतला. हळूहळू निकुऱ्यांकडच्या सगळ्यांचेच हात थांबले.

"ऋषीजी, राग नोका मानू जी," दादाजी खाली मान घालून म्हणाले. "एक विचारतो. कढी नासली का?"

साऱ्या मांडवाने ऋषीजींकडे पाहिलं.

ऋषीजींच्या तोंडाशी उत्तर आलंच होतं. माझी कढी? माझी? अहो, वास त्या बोअरचा आहे! आज पहिल्यांदा त्यांच्या बाजूने दहाबारा नाकं बसली होती. ते बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांना दिसलं की करमरकर पुढे सरकलाय. चेहऱ्यावर तेच हसू. त्याने पिशवीतून थेंबांच्या कुप्या बाहेर काढल्यासुद्धा होत्या, आणि तो पाहुण्यांना म्हणत होता, "मंडळी, बाहेरून येणाऱ्यांना सुरुवातीला थोडं जाणवतं. आपल्याकडे उपाय आहे. अगदी सोपा."

ऋषीजींना पुढचं सगळं दिसलं. पाहुण्यांच्या नाकात थेंब पडतील. ते हसतील, जेवतील. मग नातीच्या नाकात पडतील.

"होय, इवाई," ते मोठ्याने म्हणाले. "नासली."

छायाच्या हातातली पळी खाली पडली.

"शिळ्या ताकाची हाय. वरनही शिळंच, ऊन केलं." एकेक शब्द उच्चारताना त्यांना स्वतःचीच घाण वाटत होती. "भाजीतले वांगे किडके होते. म्हनलं, पोरीचं बारसं हाय, चालून जाईल. कोन पाहते?"

दादाजी पाटावरून उठले. "आमाले? मुलाच्या मायबापाले सडकं वाढलं तुमी? नाव ठेवाच्या दिवशी?"

"साहेब, गैरसमज होतोय, वास अन्नाचा नाही, तो..." करमरकर बोलायला लागला आणि मध्येच अडकला. वास बोअरचा आहे असं आपल्याच तोंडाने साऱ्या गावासमोर सांगायचं, तेही फोटोवाला उभा असताना! त्याने कुपी खिशात घातली.

"तुमी बसा जी," दादाजी त्याच्यावर खेकसले. "आमच्या घरच्या गोष्टी हायेत. हर्षल, गाडी काढ. हा माणूस जर इवायाले असं वाढते, तर बाळंतिणीले का खाऊ घालत असन? माही सून आन् माही नात ह्या घरात एक घडी नाही राहनार."

गोंधळ उडाला. छाया वनिताबाईंच्या पायाशी लोळली, कोणी दादाजींचा हात धरला. ऋषीजी मध्ये पडले नाहीत. ते आत गेले, बाळाची दुपटी आणि काजळाची डबी एका पिशवीत कोंबली आणि पिशवी हर्षलच्या हातात दिली. वनिताबाईंनी ईराला छातीशी धरून पदराखाली घेतलं.

समीक्षा जीपमध्ये चढायच्या आधी वडिलांसमोर उभी राहिली. तिला वाटत होतं की बापाने पैसा वाचवायला तिच्या लेकीच्या बारशाला सडकं रांधलं. तिच्या नाकाला आता किळस कळत नव्हती, पण ती चेहऱ्यावर पुरती आली होती.

"बाबा, मी तुमच्या हातचं आजपासून खानार नाही."

"नोको खाऊ," ऋषीजी म्हणाले. "जा."

जीप गेली. पाहुण्यांच्या जागी वडटोल्याची माणसं बसली आणि कढीचे भुरके मारू लागली. "नासली तर नाही वाटत," एकजण म्हणाला. पण त्यांना काय कळणार होतं? दोन लग्नांचं काम ऋषीजींच्या हातात होतं. दोन्हीकडचे लोक मांडवातच होते. त्यांनी जाताना काम दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. छाया चुलीपाशी डोक्याला हात लावून बसून राहिली.

सांज व्हायच्या आत हर्षलचा फोन आला.

"बाबा, पोचलो आम्ही. ईरा निजली. नाला ओलांडल्यापासून एकदाही रडली नाही. आई म्हणते हे लेकरू तर लय गुणाचं हाय."

ऋषीजी भिंतीला टेकले. "बरं झालं," ते म्हणाले.

"समीक्षा बोलत नाही म्हणते तुमच्याशी. बाकी सगळेही तसेच आहेत." मग हर्षल आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, एक विचारू? निघताना मी तुमच्या पातेल्यातली कढी चाखली होती. दूर नेऊन, तोंड फिरवून. ती नासलेली नव्हती."

ऋषीजींनी मोठा श्वास घेतला. बोअरची घाण छातीभर आत गेली.

"नासलीच होती, जवाई," ते म्हणाले. "कोनीही विचारलं तर तसंच सांगा."